किल्ल्यातली कबर आणि पंधरा ऑगस्ट

ऑगस्ट महिना लागला की आमच्या उर्दू शाळेत लगबग सुरू होते. तराण्याची तालीम, तक्रीरच्या स्पर्धेसाठी नावनोंदणी, फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले 'जश्ने आझादी मुबारक'. तिरंगी ओढण्या कुठून आणायच्या ही आयांची काळजी आणि पावसाने मैदानात चिखल केला तर झेंडावंदन कुठे घ्यायचे ही आमची. तक्रीरचा विषय बहुधा ठरलेला असतो : 'जंगे आझादी में मुसलमानों का हिस्सा'. मुले पाठ केलेली नावे धडाधड म्हणतात. टिपू सुलतान, बहादूरशाह जफर, बेगम हजरत महल, अश्फाकउल्ला खान, खान अब्दुल गफ्फार खान, युसुफ मेहेरअली, मौलाना आझाद. टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो आणि साडेदहाच्या सुमारास शाळा रिकामी होते.

काही वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी तक्रीर पाठ करता करता मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "टीचर, पलीकडच्या मराठी शाळेतली मुलं पण अशी यादी म्हणतात का? त्यांच्या लोकांनी काय काय केलं त्याची?"

मी म्हटले, "तू आधी पाठ कर." उत्तर येत नसले की आम्ही शिक्षक असेच काहीतरी म्हणतो.

प्रश्न मात्र मनातून गेला नाही. कारण तिने नकळत नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. पंधरा ऑगस्टला झेंडा वर जातो तेव्हा माझाही ऊर भरून येतो, यात काहीच खोटे नाही. पण त्याच क्षणी कुणीतरी आपल्याकडे पाहत आहे, आपण पुरेसे ताठ उभे आहोत की नाही हे मोजत आहे, असेही वाटत राहते. एकदा प्रवासात भेटलेल्या एका सभ्य गृहस्थांनी मला कौतुकाने विचारले होते, "तुमच्या शाळेतसुद्धा झेंडावंदन होतं का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यामुळेच ते जास्त लागले. २०१७ साली उत्तर प्रदेशात मदरशांना स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्याचा आदेश निघाला, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाले, "ईद के दिन कोई कहे के हंस के दिखाओ, तो हंसी आएगी?" जे आपण आनंदाने करतो आहोत, तेच पुरावा म्हणून मागितले की त्यातला आनंद कमी होतो. ही संमिश्र भावना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आपण ती बोलत नाही एवढेच. बोललो तर गैरसमज होईल अशी भीती असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ते आमच्याच शहरात, भिंगारच्या वाटेवरच्या किल्ल्यात होते.

२०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून नगरचा किल्लाच आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० च्या सुमारास इथे शहर वसवले. आधीच्या मातीच्या कोटाच्या जागी हुसेन निजामशहाच्या काळात दगडी तट उभा राहिला. चांदबिबीने अकबराच्या फौजेला याच तटावरून थोपवले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा उपयोग बंदिवासासाठी केला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या सभासदांना खास गाडीने नगरला आणून किल्ल्यात ठेवले. तिथे एकूण बाराजण होते. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, असफ अली आणि डॉ. सय्यद महमूद. बारांपैकी तीन मुसलमान, आणि त्यांतला एक साऱ्यांचा अध्यक्ष. कोणत्याही यादीत घालायला हे किती सोयीचे! मीही कित्येक वर्षे मुलांना एवढेच सांगत होते.

याच किल्ल्यात नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. बागेसाठी जमीन खणताना खाली जुन्या भिंती लागत होत्या हे त्यांनी पहिल्याच पानांत सांगितले आहे आणि चांदबिबीचीही आठवण काढली आहे. पुस्तक त्यांनी किल्ल्यातल्या सोबत्यांनाच अर्पण केले. ही गोष्ट नगरच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. पण त्याच इमारतीत, त्याच बंदिवासात आणखी एक पुस्तक लिहिले गेले. मौलानांचे 'गुबारे खातिर'. ते उर्दूत असल्यामुळे मराठी शाळांत त्याचे नाव फारसे निघत नाही. आणि खरे सांगायचे तर उर्दू शाळांतही परीक्षेतल्या एका मार्काच्या प्रश्नापलीकडे ते जात नाही.

'गुबारे खातिर' ही पत्रे आहेत. मौलाना पहाटे उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहायला बसत. ती टपालात पडणार नव्हती. सुटकेनंतर १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. काँग्रेसच्या अध्यक्षाने तुरुंगातून लिहिलेली पत्रे म्हणून कुणी ती राजकारणासाठी उघडली तर त्याची निराशा होईल. त्यात दुधाशिवाय प्यायच्या चिनी चहाचे कौतुक आहे. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी झालेले युद्ध आणि नंतरची मैत्री आहे. तरुणपणी शिकलेल्या सतारीच्या आठवणी आहेत. आणि एका पत्रात पत्नीचा मृत्यू आहे.

जुलेखा बेगम कलकत्त्याला होत्या. मौलानांना अटक झाली तेव्हाच त्यांची तब्येत बरी नव्हती. १९४३ च्या मार्चमध्ये दुखणे गंभीर झाल्याचे किल्ल्यात कळले. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितले की सरकारकडे काही मागणे करायचे असेल तर ते मी ताबडतोब पोचवतो. मौलानांनी ज्या सरकारशी लढा मांडला त्याच्याकडे काहीही मागायला नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला. पुढे काही महिन्यांनी भोपाळला त्यांची बहीणही गेली, तेव्हाही ते याच भिंतींच्या आत होते.

त्या पत्रातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मौलाना लिहितात की त्या दिवसांत त्यांनी आपला कोणताही नेम मोडू दिला नाही. वर्तमानपत्रे घेऊन येणाऱ्या जेलरची पावले ऐकू आली की काळजात धस्स होई, पण ते जागचे हलत नसत. जणू घाई नाहीच. आणि मग ते स्वतःच कबूल करतात की हा सारा देखावा होता. आपल्या धीराला कुणी बोट लावू नये म्हणून मनाने रचलेले नाटक होते. बाहेर स्थिर चेहरा आणि आत चाललेली पडझड, दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी होती. दोन्ही खरी होती.

त्याच पत्रात ते सांगतात की किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर आहे. कुणाची ते ठाऊक नाही. इथे आल्यापासून शेकडो वेळा ती नजरेला पडली होती. पण आता तिच्याकडे पाहिले की वाटते, तिच्याशी आपले काही नवे नाते जुळले आहे. दूर कलकत्त्यात आपल्या माणसाची कबर झाली, तिच्यावर मूठभर माती टाकता आली नाही, आणि समोर आहे ती नगरच्या मातीतली एक अनोळखी कबर. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले. मौलाना आझाद हे नाव मी वीस वर्षे टाळ्यांसाठी वापरत होते. पाठ करून मी आणि नंतर पाठ करून घेऊन मी. तो माणूस पहिल्यांदा त्या दिवशी भेटला.

मग आणखी वाचत गेले आणि लक्षात आले की आपण ज्याला मनाचा दुभंग म्हणून लपवतो तो या माणसाला आयुष्यभर पुरला. 'छोडो भारत'च्या वेळेबद्दलच त्यांच्या मनात शंका होत्या, गांधीजींशी मतभेद होते. १९५९ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्ये त्यांनी ते स्वच्छ सांगितले आहे. तरी ठराव झाला आणि अध्यक्ष म्हणून ते तुरुंगात गेले. शंका होती म्हणून त्याग कमी झाला नाही, आणि त्याग केला म्हणून शंका लपवली नाही.

गाण्याच्या प्रश्नाचेही तसेच. 'वंदे मातरम्'वरून आजही दर काही वर्षांनी वाद उठतो आणि आपल्या मुलांकडे बोटे दाखवली जातात. १९३७ साली काँग्रेसपुढे हा प्रश्न आला तेव्हा एक समिती नेमली गेली. मौलाना आझाद, नेहरू, सुभाषचंद्र बोस आणि नरेंद्र देव असे चौघे तिच्यात होते. रवींद्रनाथ टागोरांचा सल्ला घेण्यात आला. पहिली दोनच कडवी म्हणावीत आणि संयोजकांना दुसरे योग्य गीत निवडण्याचीही मोकळीक असावी, असे ठरले. निर्णय कुणाला पुरता पटला नसेल. पण मुसलमानांच्या मनातली अडचण हा देशद्रोह समजला गेला नाही. ती सोडवण्याची गोष्ट समजली गेली. त्या चौघांपैकी तिघे पाच वर्षांनी आमच्या किल्ल्यात एकाच अंगणात फिरत होते.

इथे आपल्या बाजूचे एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. आज ज्यांचे नाव आपण यादीत सर्वांत वर घालतो, त्या मौलानांना त्यांच्या काळी आपल्याच लोकांनी काय दिले? जीनांनी १९४० मध्ये त्यांना काँग्रेसचा दिखाऊ मुसलमान ठरवून बोलणे नाकारले. अलीगढच्या स्टेशनवर विद्यार्थ्यांनी त्यांचा अपमान केला. १९४५-४६ च्या निवडणुकांत केंद्रीय कायदेमंडळातल्या मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या. मताचा हक्क तेव्हा फार थोड्यांना होता, गोरगरीब विणकर-कसबी मतदार नव्हतेच, हेही खरे. तरी मौलाना एकटे पडले होते ही गोष्ट उरतेच. यादी म्हणताना आपण हे वगळतो. त्यामुळे यादी गुळगुळीत होते आणि मुलांना खोटी वाटू लागते.

मग उजाडला १५ ऑगस्ट १९४७. मौलाना स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ज्या फाळणीला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला, तिच्यासह हे स्वातंत्र्य आले होते. दिल्लीतला जल्लोष त्यांनी पाहिला आणि तो फार टिकला नाही हेही नोंदवले. पंजाबातून रक्ताच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. ज्या दिवसासाठी त्यांनी तुरुंगात एवढी वर्षे काढली, पत्नीचे शेवटचे दर्शन गमावले, तो दिवस त्यांना निर्भेळ आनंदाने साजरा करता आला नाही.

आणि ते एकटे नव्हते. त्या दिवशी महात्मा गांधी दिल्लीत नव्हतेच. कलकत्त्याच्या बेलियाघाटात, हैदरी मंझिल नावाच्या एका मुसलमानाच्या पडक्या घरात त्यांचा मुक्काम होता. दंग्याने होरपळलेल्या शहरात त्यांनी तो दिवस उपवास आणि प्रार्थना करून काढला. त्यांचे महादेवभाई देसाई बरोबर पाच वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्यात आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गेले होते. कस्तुरबाही तिथेच गेल्या. गांधीजींच्या पंचांगात ही तारीख आधीच दुःखाची होती.

मुंबईत दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे यांनी भर पावसात मोर्चा काढला. भुकेल्यांना या स्वातंत्र्याने काय दिले हा त्यांचा सवाल होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकत आहोत. राजकारणात समता असेल, समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता. घटना लिहिणाराच तिच्या पहिल्या दिवसाबद्दल असे बोलत होता. यांपैकी कुणाला आपण देशाचे वैरी म्हणतो का? उलट त्यांची काळजी हेच त्यांचे देशप्रेम होते असे आपण मुलांना शिकवतो. मग एखाद्या मुस्लिम मुलीच्या मनात झेंड्याखाली उभे असताना एक प्रश्न आला, तर तिने तो गिळून का टाकावा?

आमच्या जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. कोपरगाव, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड हे तालुके मराठवाड्याला लागून आहेत. १९४७ मध्ये ही हद्द ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होत असे. अलीकडे झेंडा लागला १५ ऑगस्ट १९४७ ला. पलीकडे १३ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. आमच्यातल्या कित्येक घरांचे सोयरपण त्या हद्दीच्या पार आहे. माझी नानी बीडकडची. ती वर्ष सांगताना सन सांगत नसे. 'पोलीस अ‍ॅक्शन के साल' हे तिचे मोजमाप होते. मामूंचा जन्म पोलीस अ‍ॅक्शन के दो साल बाद, असे.

शाळेत असताना मी तिला एकदा उत्साहाने सांगितले की मराठवाड्यात आज मुक्तिदिन आहे. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "हव बेटा. पहले रजाकारां ने सताए, पीछे दूसरे आए. गरीब को दोनों तरफ से."

तिच्या या एका वाक्यात जेवढा इतिहास होता तेवढा मला पुढे बी.एड.ला इतिहासाच्या तासालाही मिळाला नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी हिंदू खेड्यांवर जुलूम केले. ते आपल्या नावाने केले, आणि त्याबद्दल आपल्याला लाज वाटली पाहिजे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारले, तेही त्यांनीच. निजामाची राजवट संपणे ही प्रजेची मुक्ती होती. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत सैन्याने ती संपवली.

पण त्या पाच दिवसांत आणि नंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्याच्या खेड्यांतून जे घडले तेही घडलेच. तक्रारी दिल्लीत पोचल्या तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी व नंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली. मेलेल्यांत रझाकार किती आणि मोट हाकणारे, पिंजारी, विणकर किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात हेही नोंदलेले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना वाचवले, आणि हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीवावरची जोखीम पत्करली. नानीलाही धान्याच्या पेवात लपवले होते ते शेजारच्या पाटलांच्या घरी. त्यांच्याकडच्या लग्नात ती म्हातारपणीही आहेर घेऊन जात असे.

तेव्हा १७ सप्टेंबरला नानीने काय करायला हवे होते? आनंद मानायचा की मातम करायचा? ती काहीच करीत नसे. त्या दिवशी फातेहा देई आणि कामाला लागे. तिला निजाम परत नको होता. तिला फक्त तिच्या मेलेल्या माणसांचा उल्लेख हवा होता. मुक्तीच्या कहाणीत त्यांना एक ओळ मिळाली असती तर ती झेंड्याला सलाम करायला सर्वांत पुढे उभी राहिली असती, असे मला वाटते.

मौलाना आझादांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत केलेले भाषण आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे. घरेदारे सोडून निघालेल्या, घाबरलेल्या जमावापुढे ते उभे होते. त्यांनी लोकांना गोंजारले नाही. मी सांगत होतो तेव्हा तुम्ही ऐकले नाही, असे सुनावले. पण त्याच भाषणात त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली जी आपण टाळ्यांच्या आवाजात ऐकतच नाही. सत्ताधाऱ्यांच्या मदरशातून वफादारीचे सर्टिफिकेट मिळवा असे मी तुम्हाला म्हणत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या भूमीवरच्या आपल्या खुणा ओळखा, इथे पाय रोवून राहा आणि भिऊ नका, हा त्यांचा निरोप होता.

सर्टिफिकेट! हा शब्द वाचला आणि सातवीतल्या त्या मुलीचा प्रश्न समोर उभा राहिला. आमची तक्रीर म्हणजे दरवर्षी नव्याने लिहिलेला सर्टिफिकेटचा अर्ज होता. त्यात अश्फाकउल्ला आणि बेगम हजरत महल ही जिवंत माणसे उरलीच नव्हती. ती अर्जाला जोडलेली कागदपत्रे झाली होती. आणि ज्यांच्या नावाने आम्ही तो अर्ज करीत होतो, त्यांनीच असला अर्ज करू नका असे सांगून ठेवले होते.

दुसऱ्या टोकाला आपल्यात काही लोक असेही आहेत जे सुट्टी म्हणून त्या दिवशी झोपून राहतात. 'आपल्याला काय करायचंय' म्हणतात. त्यांची चीड मला समजते. पण मौलानांच्या चिनी चहाइतकीही गोडी त्या चिडीत नाही. पंधरा ऑगस्ट कुणी आपल्याला बहाल केलेला दिवस नाही की रुसून परत करावा. त्यासाठी कलकत्त्यात एक बाई नवऱ्याची वाट पाहत मेली. जिथे आपला एवढा ऐवज गुंतला आहे तिथे मनात आनंद आणि दुःख दोन्ही येणारच. मय्यत झालेल्या घरातही पुढे ईद होते. सेवया शिजतात आणि गेलेल्याची आठवण काढून डोळेही पुसले जातात. त्या घराला ईद मान्य नाही असे कुणी म्हणत नाही.

हे सारे सातवीच्या वर्गाला कसे सांगायचे हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. मोठ्या गोष्टी मला जमल्या नाहीत. तक्रीरचा विषय बदलला एवढेच. आता मुलांनी एकच माणूस निवडायचा, मुसलमान किंवा कुणीही, आणि त्याच्या आयुष्यातला एकच दिवस सांगायचा. एका मुलाने अण्णाभाऊंचा १६ ऑगस्ट सांगितला. एकीने शोएबुल्ला खानची शेवटची रात्र सांगितली आणि सांगताना तिचा आवाज कापला. आठवी-नववीच्या मुलांना १७ सप्टेंबरच्या सुमारास दोन्ही बाजू सांगते. रझाकारही आणि नंतरचेही. आणि पेवात लपवणारे पाटीलही. कुणाच्या घरी असे कुणी असेल तर विचारून या म्हणते. मुले ज्या गोष्टी घेऊन येतात त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक तास 'गुबारे खातिर'चा. चिमण्यांचे पत्र वाचून दाखवले की वर्ग हसतो. जेलरच्या पावलांचा भाग आला की शांत होतो.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती आता कॉलेजात आहे. मागच्या वर्षी झेंडावंदनाला धाकट्या भावाला सोडायला आली होती. मी तिला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं." तिला प्रश्न आठवतही नव्हता. मी आठवण करून दिली. तेवढ्यात राष्ट्रगीताची सूचना झाली आणि आम्ही दोघी मुलांच्या मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. मैदानात चिखल होताच. ती म्हणाली, "टीचर, नंतर सांगा."